अर्धा सूर खाली

वयाची पस्तिशी उलटली, सांडपाण्यावर प्रबंध लिहून झाला, प्रयोगशाळेत हाताखाली दोन माणसं आली, तरी बाबांच्या लेखी ती ठमीच होती. "ठमे, आज काय गाळलंस?" असं ते रोज संध्याकाळी विचारायचे, ती "बादलीभर गाळलं" म्हणायची, आणि तेवढ्यावर बाबांचं समाधान व्हायचं. ते पियानो लावणारे. चाळीस वर्षं लोकांच्या घरी, शाळांत, सभागृहांत जाऊन उतरलेल्या तारा सुरात आणण्यात गेली होती. गेल्या वर्षी त्यांना दोनदा फिट आली, दुसऱ्यांदा तर भर रस्त्यात. तेव्हा ठमीने त्यांचे कपडे, त्यांची हत्यारांची पेटी आणि कुरकुरणारे ते स्वतः, असं सगळं उचलून आपल्या फ्लॅटवर आणलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता घरात ही दोघंच.

कॉलनीत तीन इमारती, चाळीस घरं आणि मागच्या बाजूला त्या सगळ्यांचं सांडपाणी शुद्ध करणारा एक छोटा प्लँट. तो सांभाळणाऱ्या गृहस्थांना लहानथोर टाकीकाका म्हणत. त्यांच्या टाक्यांमधून निघालेलं पाणी नितळ दिसे आणि खालच्या ओढ्याला जाऊन मिळे. पण माणसांच्या पोटातून आलेली औषधं दिसत नाहीत. टाकीतल्या जिवाणूंना त्यातली बरीचशी पचतही नाहीत, ती तशीच ओढ्यात जातात. ठमीचा प्रयोग त्यावरच चालला होता. माणसाएवढ्या उंच नळकांड्यात दाणेदार कोळसा भरायचा, प्लँटचं शेवटचं पाणी त्यातून सोडायचं आणि कोणतं औषध कोळशाला किती चिकटतं ते मोजायचं.

"आत्तापर्यंत दिसणारी घाण माझ्या माथी होती," टाकीकाका म्हणाले, "आता तुम्ही न दिसणारी पण माझ्या नावावर लावा, ताई!" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी नळकांड्यावर सावलीसाठी पत्रा ठोकून दिला.

पहिले तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. चौथ्या आठवड्यात मात्र प्लँटमध्ये येणाऱ्या पाण्याच्या आलेखात एक सुळका वर आला. फिट येऊ नये म्हणून देतात त्या गोळीचा. हे औषध ठमीच्या रोजच्या ओळखीचं. जिवाणूंना जराही दाद न देणारं, चिवट. थोडंफार ते सगळीकडेच सापडतं. पण इथे रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला आणि संध्याकाळी पुन्हा एकदा, सुळका नेहमीच्या वीसपट उंच जात होता. शिवाय त्यात एक गोम होती. माणसाने गोळी गिळली की शरीरात तिचं रूप बदलतं. जशीच्या तशी बाहेर पडते ती जेमतेम शंभरातले दोन-तीन भाग. आणि या पाण्यात बदललेलं रूप चिमूटभर होतं, मूळ औषधच ढीगभर.

"म्हणजे कुणीतरी गोळी खात नाहीये, काका. सरळ मोरीत टाकतंय," ठमी म्हणाली.

"मग सोपं आहे," टाकीकाकांनी चेंबरचं झाकण आकड्याने उचललं. "तिन्ही इमारतींच्या लाइन इथे येतात. वेगवेगळ्या बाटल्या भरा. चोर कुठल्या बिल्डिंगचा ते तर कळेल."

बाटल्या भरून तपासण्यात चार आठवडे गेले. चोर निघाला मधल्या इमारतीचा. म्हणजे ठमीच्याच. पण त्या इमारतीत चौदा घरं, आणि कोणाच्या दाराशी जाऊन काय विचारायचं? बाबांनाही तीच गोळी होती, पण ती तर ठमी स्वतः रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या हातावर ठेवत होती. तेव्हा तिने गेटजवळ एक पेटी ठेवली आणि तिन्ही जिन्यांखाली कागद लावले: "जुनी किंवा नको असलेली औषधे बेसिनमध्ये टाकू नयेत. गेटजवळच्या पेटीत टाकावीत." बाबांनी चष्मा कपाळावर चढवून तो कागद वाचला आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे. कारण पण लिही की. नुसतं टाकू नका म्हटलं की लोकांना टाकावंसं वाटतं." तिने खाली ओढ्यातल्या माशांबद्दल दोन ओळी लिहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून सुळका गायब. ठमी इतकी खूश झाली की टाकीकाकांना तिने दोनदा चहा पाजला.

शुक्रवारी दोघांनी पेटी उघडली. मुदत संपलेल्या पाकिटांच्या, अर्ध्या बाटल्यांच्या ढिगात आठ छोट्या पुरचुंड्या निघाल्या. प्रत्येकीत एकेक गोळी, नीट गुंडाळून वर दोऱ्याची गाठ मारलेली.

"कुणीतरी फार शिस्तीचं माणूस दिसतंय," टाकीकाका कौतुकाने म्हणाले.

ठमीने एक पुरचुंडी बोटांत चोळून पाहिली. पुरचुंड्या लाल नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, होत्या. सूर लावताना तारांच्या मधून जी पट्टी ओवतात, तिच्या कापलेल्या तुकड्यांच्या. असा नमदा सबंध कॉलनीत एकाच हत्यारांच्या पेटीत होता.

ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीशी बसून पियानोचा एक जुना हातोडा घासत होते. तिने आठही पुरचुंड्या त्यांच्यासमोर टेबलावर ओळीने मांडल्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पेटीत टाका असं तूच लिहिलं होतंस," ते म्हणाले.

"बाबा, मी रोज विचारते, गोळी घेतली का. तुम्ही रोज म्हणता, घेतली."

"घेतलीच होती. हातात. गिळली असं कधी म्हणालो?"

इतर वेळी ती हसली असती. आज तिने विचारलं, "किती दिवस?"

"पाचेक आठवडे. आधी चमच्यात विरघळवून बेसिनमध्ये ओतायचो. मग ते माशांचं वाचलं..."

"माशांची दया आली, आणि माझी? जिन्यात फिट आली असती म्हणजे? रस्ता ओलांडताना?" ती रडायला लागली आणि रडता रडता चिडली, "लहान मुलं बरी, निदान थुंकून टाकलेली तरी दिसते!"

बाबांनी हातोडा खाली ठेवला. उठून तिच्यासाठी पाणी आणलं, आणि उभ्याउभ्याच, खाली बघत बोलले. "ठमे, ती गोळी घेतली की सगळं अर्ध्या सुराने उतरतं. दाराची घंटा, शिट्टी, सगळं. एका सभागृहाचा पियानो लावायला गेलो, तर ज्यावरून सूर जुळवतो तो सूरकाटाच खोटा वाटायला लागला. काटा कसा खोटा असेल? पोलाद ते. म्हणजे माझा कान गेला. काट्यावर विश्वास ठेवून लावला मी तो पियानो, पण आंधळ्यासारखा, हात धरून चालल्यागत. मग दोन दिवस गोळी चुकवली, आणि जग जागेवर आलं. वाटलं, तुला सांगावं तर तू म्हणशील, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं. आता कामही बंद करा."

या औषधाच्या रेणूचं वजन ठमीला तोंडपाठ होतं. ते कोणत्या कोळशाला किती चिकटतं, उन्हात किती दिवस टिकतं, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. ते एखाद्याच्या कानात गेल्यावर काय करतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासात तिला सापडलं: हे औषध घेणाऱ्या काही थोड्या माणसांना सूर खाली ऐकू येतात, आणि औषध थांबवलं की पूर्ववत होतं. डॉक्टरांनी लिहून ठेवलेल्या हकिगती होत्या. त्यातले बरेचसे वाजवणारे, गाणारे लोक. बाकीच्यांच्या लक्षातच येत नसणार.

तिने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. बाबांनी सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. मग खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे कान शाबूत आहे," ते म्हणाले.

"कान शाबूत आहे. अकलेचं मी सांगू शकत नाही."

डॉक्टरांनी दोघांनाही फैलावर घेतलं. बाबांना आपल्या मनाने गोळी बंद केल्याबद्दल, आणि ठमीला, चाळीस घरांचं पाणी तपासून स्वतःच्या बापाकडे न पाहिल्याबद्दल. मग दुसरी गोळी लिहून दिली. पहिले काही दिवस बाबा दुपारचे पेंगायचे, चिडचिड करायचे. पण ठमी समोर बसे आणि ते गोळी घेऊन तोंड उघडून जीभ दाखवत, अगदी वरपासून खालपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "काटा खरं बोलतोय." त्याच आठवड्यात ठमी त्यांच्यासोबत त्या सभागृहात गेली. बाबांनी पियानोच्या सगळ्या तारा तपासल्या. आंधळेपणाने लावलेल्यांपैकी फक्त तीन पुन्हा सुरात आणाव्या लागल्या. त्यांचा चेहरा तेव्हा जो काही फुलला, तो ठमीने आधी पाहिला नव्हता.

अडचण उरली ती अहवालाची. त्या पाच आठवड्यांत कोळशावर इतका भार पडला होता की बारा आठवडे टिकायचा तो आठव्यातच थकला. औषध पलीकडून झिरपायला लागलं. ठमी संध्याकाळी कागद पुढे घेऊन बसली होती.

"काय अडलंय?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही. ते आकडे गाळले तर निकाल छान दिसतो."

"मुळीच गाळायचे नाहीत," बाबा ताडकन म्हणाले. "लिही, एका घरातून टाकलं जात होतं. शुद्ध मूर्खपणा, असं लिही. नाहीतर उद्या खरंच कुणी ओतलं, तर तुझा कोळसा किती पुरेल हे लोकांना कळणार कसं?"

तिने लिहिलं. मूर्खपणा तेवढा वगळला. प्रयोगशाळेतल्या तिच्या वरिष्ठ मॅडमनी तो भाग दोनदा वाचला आणि म्हणाल्या, अहवालात सगळ्यात कामाचं पान हेच आहे. पुढच्या खेपेला नळकांडी एकामागे एक दोन लावायची ठरली.

नवा कोळसा आला त्या सकाळी बाबा जुना शर्ट घालून आपणहून प्लँटवर हजर झाले. टाकीकाका वरून कोळसा ओतत होते आणि बाबा नळकांड्याला कान लावून, बोटाने टिचक्या मारत खालून ओरडत होते, "इथे पोकळ वाजतंय! अजून टाका!"

"अहो, भरलंय!" टाकीकाका वरून ओरडले.

"पोकळ म्हणजे पोकळ. कान आहे माझा!"

टाकीकाकांनी ठमीकडे पाहिलं. ठमीने कोळशाची आणखी एक बादली उचलून त्यांच्या हातात दिली.