वीतभर सरकलेले शून्य

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. पण वहीत रेघा मारायची नव्हे. खाडीच्या मुखाशी, धक्क्याच्या खांबाला मला उभी ठोकली आहे. अंग पांढरे, त्यावर काळे आकडे. भरतीचे पाणी कुठवर चढले ते माझ्याकडे पाहून कळते.

सुतारकाकांनी मला एका जाड फळीतून घडवले. संशोधन केंद्रातल्या बाईंनी माझे शून्य काठावरच्या खडकातल्या पितळी खुणेवरून ठरवले. "खडक हलत नाही, म्हणून पट्टीने त्याचं ऐकायचं," असे त्या म्हणाल्या. सगळे त्यांना आकडेताई म्हणत.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. होडीवाले जाता-येता विचारत, "काय म्हणते पट्टी?" पण वर्षे सरली तसे पाणी माझे वरचे आकडे भिजवू लागले आणि विचारणारे कमी झाले. रोज वाईटच सांगणारीकडे कोण बघणार?

आकडेताईंचे घर काठावरच होते. माझे चढते आकडे पाहून त्यांनी आपल्या बाबांची खाट खालच्या खोलीतून माडीवर हलवली. बाबांचे गुडघे कामातून गेलेले. अंगण दिसेना, माणसे भेटेनात.

पुढे माझे खालचे आकडे गाळात बुडाले. आकडेताई परगावी गेल्या होत्या. सुतारकाकांना माझी दया आली. त्यांनी मला खरवडले, धुतले आणि आकडे नीट दिसावेत म्हणून वीतभर वर ठोकले. पाणी होते तिथेच होते. मी मात्र वीतभर कमी सांगू लागले.

आकडेताईंचा धाकटा भाऊ मला पाहून धावतच घरी गेला. "बाबा, पाणी उतरलं! चला खाली."

"सुटलो रे! त्या जिन्याचं तोंड बघायला नको," बाबा हसले.

अमावास्येची मोठी भरती चढत होती, तेव्हा आकडेताई परतल्या. मला पाहून त्यांना आनंद झाला नाही. त्यांनी तिवईवर दुर्बीण लावली आणि मला पितळी खुणेशी ताडून पाहिले.

"काका, हिला कुणी हात लावला?"

"मीच जरा वर घेतली. तोंडात चिखल गेला होता बिचारीच्या."

"अहो, हिचं शून्यच वर गेलं की! आणि बाबा खाली आहेत!"

काका त्यांच्याही आधी धावले. दारात भाऊ कुरकुरला, "ताई, तुला चांगलं काही बघवतच नाही का गं?" तेवढ्यात त्याच्या पायांशी, उंबऱ्यावरून पाणी आत आले. मग त्यानेच काकांबरोबर बाबांना खुर्चीसकट वर नेले.

मला पुन्हा पहिल्या जागी ठोकले आहे. माझ्या डोक्यावर फळीचा एक नवा तुकडा जोडला आहे. त्यावरचे आकडे अजून कोरडे आहेत.

मित्रांनो, मी सांगते ते आवडले नाही, तरी मला हलवू नका. माझे आकडे वाचाल तेव्हा माझे शून्यही तपासा. मला फक्त पाणी मोजता येते. ते थोपवायचे कसे, हे तुम्हालाच बघावे लागेल.

बाबा हल्ली माडीवरून विचारतात, "काय म्हणते पट्टी?"

आकडेताई आधी माझे शून्य पितळी खुणेशी ताडून पाहतात, मगच उत्तर देतात.