मोहियुद्दीन साहेबांच्या भिंतीपलीकडची रायफल

मित्रांनो, बंदूक म्हटलं की तुम्ही दोन पावलं मागे सरता, हे मला ठाऊक आहे. मी एक जुनी टू-टू रायफल. नळी बारीक, वजन हलकं, काडतूस करंगळीहून लहान. माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीने आणि मग आगगाडीने मी हैदराबादला आले आणि आबिड्सच्या एका दुकानात काचेमागे उभी राहिले. शेजारी थोराड दुनळी बंदुका होत्या. गिऱ्हाईक त्यांच्यापुढे थांबे, माझ्याकडे कुणी वळून पाहत नसे.

देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद निजामाच्याच राज्यात राहिलं. पुढे काय होणार हे कुणालाच कळत नव्हतं. रोज नवी अफवा येई. जुने मित्रही एकमेकांशी जपून बोलू लागले. त्याच हिवाळ्यात एकनाथराव आणि सत्यवतीबाई दुकानात आले.

एकनाथराव महसूल कचेरीत नोकरीला होते, राहायला काचीगुड्यात. चाळिशी उलटली तरी त्यांनी बंदुकीला हात लावला नव्हता. त्यांनी सरळ दुनळीकडे बोट दाखवलं. सत्यवतीबाई मात्र परभणीकडच्या शेतकरी घरातल्या, भावांबरोबर मळ्यात नेम धरलेल्या. त्यांनी मला मागितलं. पहिली बंदूक लहानच असावी, असं त्यांचं म्हणणं. खांद्याला धक्का बसत नाही, आवाजाने शिकणारा दचकत नाही, काडतुसं स्वस्त म्हणून सराव होतो.

"पण खेळणं समजू नका," त्या म्हणाल्या. "हिची गोळीही माणूस मारते."

दुकानदाराने मान डोलावली आणि एकनाथरावांना संशय आला. याला जुना माल खपवायचा असेल. आणि बायकोला आपण भित्रे वाटतो की काय? तरी त्यांनी मला घेतलं. परवान्यावर कारण लिहिलं होतं, शेतातले ससे.

चादरीत गुंडाळून मला टांग्यातून घरी आणलं, तेव्हा शेजारचे मोहियुद्दीन साहेब फाटकाशी उभे होते. ते टपाल कचेरीत होते. दोन्ही घरांच्या अंगणांत एकच भिंत होती आणि तिच्यावरून वर्षानुवर्षं गप्पा आणि लोणची जात-येत होती. त्यांनी चादरीतला लांबट आकार पाहिला आणि आदाब न करताच आत गेले.

सुट्टीत मळ्यात माझा सराव झाला. सत्यवतीबाईंचे नियम कडक होते. घरात नळी रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि समोर काय आहे ते दिसेपर्यंत बोट चापाबाहेर. एकनाथराव नीट शिकले. पण शहरात परतले की मला मांडीवर घेऊन ते खिडकीतून भिंतीकडे बघत बसत. माझ्या नळीला त्यांच्या हाताचा घाम लागे, तो पुसायचंही त्यांना सुचत नसे.

काही आठवड्यांनी मोहियुद्दीन साहेबांच्या दारातही एक लांबट गुंडाळी उतरली. दुनळी होती. मला देऊन तसलीच आणू, असं एकनाथराव म्हणू लागले. सत्यवतीबाईंनी ऐकलं नाही. त्या वर्षी रमझान ईदचा शीरखुर्मा भिंतीवरून आला नाही.

ऑगस्ट संपत आला होता. एका सकाळी भिंतीपलीकडे मोठा बार झाला. एकनाथरावांनी मला उचललं, काडतूस भरलं, धुण्याच्या दगडावर चढून माझी नळी भिंतीवर टेकवली.

खाली ओसरीवर मोहियुद्दीन साहेब बसले होते. डावा हात रक्ताने भरलेला. जवळ तेलाचं फडकं आणि आडवी पडलेली दुनळी. भरलेली आहे हे न पाहताच ते ती साफ करत होते. त्यांनी वर पाहिलं, त्यांना मी दिसले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

एकनाथरावांचं बोट चापाबाहेर होतं.

मागून सत्यवतीबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?"

"रक्त," ते म्हणाले. "एकटेच आहेत."

त्यांनी काडतूस काढून मला बाईंच्या हातात दिलं आणि भिंत ओलांडली. स्वतःच्या उपरण्याने तो हात बांधला आणि टांग्याने त्यांना अफझलगंजच्या दवाखान्यात नेलं. एक रुमी टोपीवाला, एक धोतरवाला, दोघांचे कपडे रक्ताचे. यातल्या कुणी कुणाला मारलं, असंच वाटेतले लोक बघत होते. साहेबांची दोन बोटं गेली, हात वाचला.

सप्टेंबरात भारताची फौज आली आणि हैदराबाद भारतात सामील झालं. आता भीती पलीकडच्या घरात शिरली होती. हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला, तेव्हा साहेबांना एकटं जायचं धैर्य होईना. एकनाथराव त्यांच्या बरोबर गेले. ठाण्याच्या बाकावर दोघे बसले, मधे आम्ही दोघी.

"सच बोलो, एकनाथराव," साहेब म्हणाले. "ये बंदूक किसके वास्ते लाए थे?"

सशांचं कारण तयार होतं. एकनाथरावांनी ते सांगितलं नाही.

"तुमारे वास्ते."

"मैं बी," साहेब म्हणाले. "तुमारेच वास्ते."

मग दोघांनी आम्हांला खिडकीतून आत दिलं आणि ते बरोबरच घरी गेले.

पुष्कळ वर्षांनी मी परत मिळाले. आता एकनाथरावांच्या मुलीकडे, प्रमिलाताईंकडे, कुलपात असते. त्या मला तेल लावतात. मित्रांनो, मला हातात घेण्याआधी नळी रिकामी आहे ना, ते बघत जा. आणि विकत घेण्याआधी, ज्याच्या भीतीने घेता त्याच्याशी एकदा बोलून बघा.