अठ्ठ्याऐंशीवा शिक्का

इवाओनं घड्याळ पाहिलं. पावणेचार. दरड कोसळल्यामुळे रस्ता बंद, म्हणून गाडी खालीच लावावी लागली होती आणि देऊळ पार गावाच्या वरच्या टोकाला. चालत फार तर चाळीस मिनिटं. शिक्क्यांची खिडकी पाचला बंद व्हायची. वेळ होता; फुमिएताई बरोबर नसती तर भरपूर होता.

ताई चौऱ्याहत्तर वर्षांची. नवरा गेल्यावर तिनं शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी बुद्धमंदिरांची यात्रा पुन्हा काढली होती, आणि बस चालवून निवृत्त झालेला धाकटा भाऊ म्हणजे हक्काचा ड्रायव्हर. वहीत सत्त्याऐंशी देवळांचे शिक्के झाले होते. आज शेवटचा.

पहिल्याच वळणावर एका म्हातारीनं संत्र्यांची पिशवी पुढे केली. ताईनं पिशवी घेतली, दानाच्या बदल्यात यात्रेकरूनं द्यायची नावाची कोरी चिठ्ठी झोळीतून काढली, चष्मा शोधला आणि उंबरठ्यावर टेकून नाव, वय, गाव सगळं बैजवार लिहून म्हातारीच्या हातात दिलं. सात मिनिटं.

"चिठ्ठ्या घरूनच लिहून आणाव्यात ना, ताई!"

"समोर माणूस आहे, तर त्याच्यासमोर लिहावं."

पिशवी अर्थात इवाओच्या हातात आली. पुढे एका शेतकऱ्यानं दोन मुळे दिले, पाल्यासकट, हातभर लांब.

"अहो, मुळे घेऊन देवळात जायचं का आम्ही?" इवाओ वैतागला.

"गप रे," ताईनं दटावलं. "यात्रेकरूला दिलेलं, ही यात्रा ज्या संतांची त्या दाइशींना पोचतं. नाही म्हणायचं नसतं."

"मग दाइशींनाच उचलायला सांग."

शेतकरी खो खो हसला आणि तिसरा मुळा उपटायला वाकला.

तिसऱ्या घरी चहा झाला. त्या बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सुनेचं माहेरी निघून जाणं, सगळं ताईनं मांडी घालून ऐकून घेतलं. इवाओ अंगणात मुळे कवटाळून उभा. चौथ्या घरी रताळी. पाचव्या घराचं दार बंद होतं, तर ताईनं स्वतःच हाक मारली!

देवळात पोचले तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. खिडकी लावलेली. पुजाऱ्याची बायको अंगण झाडत होती.

"चारच मिनिटं हो, वहिनी!" इवाओ म्हणाला. " शेवटचाच शिक्का आहे."

"काल एकाला परत पाठवलं. आज तुम्हाला कसा देऊ? उद्या आठला या."

इवाओनं मुळे पायरीवर आपटले. "झालं समाधान? महिनाभर गाडी हाकतोय मी तुझ्यासाठी. मुळात तुला ही यात्रा पुरी करायचीय की नाही?"

ताई पायरीवर बसली.

"चौदा वर्षांपूर्वी यांच्याबरोबर आले होते इथे. हे पुढे, हातात वेळापत्रक. एका बाईनं भाताचे गोळे आणले. हे म्हणाले, वेळ नाही. ती ताट धरून तशीच उभी राहिली रे. आणि मीही यांच्यामागे चालू लागले. मलाही शिक्का हवा होता."

"मिळाला?"

"खिडकी बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी."

"मग त्या बाईच्या घरी थेट जायचं होतंस!"

"दार कुठलं तेच आठवेना. म्हणून दिसेल त्या दाराशी थांबले."

"हे मला सकाळी सांगता आलं नसतं?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, ती एव्हाना मेलीही असेल."

इवाओ हेच म्हणणार होता. त्यानं पायरीवरचे मुळे गोळा केले. राग मात्र पुरता गेला नव्हता.

रात्र त्यांनी गावातल्याच एका यात्रीनिवासात काढली. सकाळी आठला खिडकी उघडली. पुजाऱ्यानं तीन लाल शिक्के मारले, कुंचल्यानं काळी अक्षरं ओढली, वर टीपकागद दाबला. तीन मिनिटं.

"तीन मिनिटं!" इवाओ पुटपुटला.

बाहेर येऊन पाहतो तर फाटकाशी दोन मोटारी उभ्या. रस्ता पहाटेच मोकळा झाला होता. त्यानं कपाळावर हात मारला.

"बस इथेच. मी खाली जाऊन गाडी आणतो."

"गाडी कशाला?" ताई काठी घेऊन उठली. "ओढ्यापलीकडची तीन घरं राहिलीत माझी."

इवाओनं गाडीची किल्ली खिशात टाकली आणि चरफडत तिच्यामागे उतरू लागला.