बिनहातांची खुर्ची आणि बसवाल्या ताई

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मला हात नाहीत. चार पाय आहेत, ताठ पाठ आहे, पण हात टेकवायला काही नाही. सुताराच्या मनात ते बसवायचे होते. पण मी घडत होते दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडातून, आणि ते पुरलं नाही. "राहू दे तशीच," असं म्हणून त्याने मला पॉलिश केलं. पण रडगाणं गाणाऱ्यांतली मी नाही.

मला विकत घेतलं फिजिओ मॅडमनी. दुखरे सांधे आणि आळसावलेले स्नायू व्यायामाने पुन्हा कामाला लावायचे, हा त्यांचा व्यवसाय. दुकानातल्या गुबगुबीत खुर्च्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला गदागदा हलवून बघितलं. मी जराही डुगडुगले नाही. "हीच," त्या म्हणाल्या. हात नसलेली खुर्चीच त्यांना हवी होती, कारण हातांवर रेटा देऊन उठलं की पायांना काम उरत नाही.

मग काय, माझे सुखाचे दिवस आले. पाय मोडून बरे झालेले आजोबा, कंबर धरलेली शिक्षिका, कितीतरी जण माझ्यावर बसून पुन्हा उभं राहायला शिकले. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून जायचे. मी फुशारून जायचे.

आणि एक दिवस पळायचं यंत्र आलं. त्याला दिवे, त्याला आकडे, त्याला चक्क पंखा. सगळ्यांच्या नजरा तिकडे. माझी रवानगी दाराजवळ झाली आणि माझ्यावर ओल्या छत्र्या, पिशव्या आणि एकदा तर हेल्मेट येऊन बसलं. मी मनातल्या मनात खूप धुसफुसले.

अशात एका सकाळी बसवाल्या ताई लंगडत आत आल्या. शहरातली मोठी बस चालवणाऱ्या. सोबत त्यांची नणंद होती, कारण नणंदेला कुठेही सोबत जायला आवडायचं. ताईंचं वजन वाढलं होतं, गुडघे बोलू लागले होते आणि बसची उंच पायरी चढताना दम लागत होता. डेपोने त्यांना पास देण्याच्या खिडकीत बसवलं होतं. तीन महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी होती. त्यात जमलं तर पुन्हा स्टिअरिंग, नाहीतर कायमची खिडकी.

"मग वजन उतरवायला काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"दिवसातून एकदाच जेवले आणि रोज मैदानावर पळाले."

"गुडघा सुजला, चक्कर आली आणि आमच्यावर वसावसा ओरडली," नणंद म्हणाली. "ते राहिलं सांगायचं."

"गप ग. आणि सोडल्यावर वजन होतं त्याहून वाढलं, मॅडम. आता ते यंत्र द्या मला. वेगात लावा."

मॅडम यंत्राकडे गेल्याच नाहीत. त्या दाराशी आल्या, माझ्यावरच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि मला खोलीच्या मधोमध आणलं. माझ्यावर दोन टणक उशा रचल्या.

ताईंचा चेहरा पडला. "मी बसूनच कंटाळलेय, मॅडम. पुन्हा खुर्ची?"

"बसायला नाही, उठायला दिलीये. हात छातीशी घ्या आणि उठा."

ताई उठल्या, पण कण्हत. नणंद म्हणाली, "वहिनी, उठतेस की बस सुरू करतेस? केवढा आवाज."

मॅडमनी समजावलं ते मला आजही पाठ आहे. उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि मग भार सगळा गुडघ्यावर येतो. आधी मांड्या बळकट करायच्या, मग चालणं वाढवायचं, मग वजन हळूहळू उतरतं आणि उतरलेलं टिकतं. जेवण बंद करायचं नाही, काय आणि किती खायचं ते आहाराच्या बाईंना विचारायचं. उंच बसलं की उठणं सोपं, म्हणून उशा. पाय तयार झाले की एक उशी काढायची, मग दुसरी. घरच्या खुर्चीवरही असंच करायचं.

काही आठवडे छान गेले. ताईंचं कण्हणं थांबलं. वजनाचा काटाही किंचित मागे सरकला. पण मग खिडकीवर पासांसाठी झुंबड उडाली आणि ताईंना आठवडाभर येताच आलं नाही, घरीही काही झालं नाही. पुन्हा आल्या तेव्हा मॅडम दुसऱ्या पेशंटपाशी होत्या. ताईंनी माझ्यावरच्या दोन्ही उशा काढल्या आणि सुटलेल्या आठवड्याचा सगळा व्यायाम एका दमात करायला घेतला. खाली, वर, खाली, वर. मला ओरडावंसं वाटत होतं, पण खुर्चीला कुठला आवाज. माझा मागचा पाय कुरकुरला तेवढाच. मग ताई एकदम माझ्यावर बसल्या आणि गुडघा धरून राहिल्या.

"झालं," त्या पुटपुटल्या. "आता खिडकीच माझी."

मॅडम धावत आल्या. त्यांनी गुडघा तपासला, बर्फ लावला. "हे काय केलंत ताई?"

"बसला उशीर झाला की आम्ही पुढच्या रस्त्यावर भरून काढतो. सवय आहे."

"आणि थंडगार इंजिन सुरू केल्या केल्या चढावर दामटता?"

"छे. इंजिन बसेल की."

बोलल्या आणि स्वतःच थांबल्या. मग हसू लागल्या. नणंद म्हणाली, "बघा, बसचं कळतं. स्वतःचं सांगायला माणूस लागतं."

"गुडघा शाबूत आहे," मॅडम म्हणाल्या. "चार दिवस आराम. सुटलेला आठवडा सुटला, तो भरून काढायचा नाही. पुढे दोन उशांपासून."

त्या दिवसानंतर ताईंनी घाई केली नाही. एक उशी गेली. बऱ्याच दिवसांनी दुसरीही गेली. मग मॅडमनी त्यांना लाकडी पायरीवर चढ-उतार करायला शिकवलं आणि शेवटी त्या यंत्रावर, संथ चालायला, उभं केलं. मला हेवा वाटला नाही. खरंच नाही. माझ्यावरून उठूनच तर त्या तिथे पोचल्या होत्या.

तपासणीच्या दिवशी मी दिवसभर दाराकडे डोळे लावून होते. संध्याकाळी ताई आल्या, खाकी गणवेशात.

"वजन अजून उतरवा म्हणाले डॉक्टर. पण उतरतंय ते बरोबर उतरतंय, असंही म्हणाले. रक्तदाब चांगला. मग म्हणाले, बसमध्ये चढून दाखवा."

"मग?"

"चढले. दांडी नुसती धरली, तिला लोंबकळले नाही. सीटवर बसले आणि मॅडम, खाली उतरायचंच विसरले. डॉक्टर खालून हाका मारतायत आणि मी आपली आरसे नीट करतेय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

ताई आता पुन्हा बस चालवतात आणि आजही आठवड्यातून एकदा येतात. वजन रमतगमत उतरतंय. मित्रांनो, कुणा जाड माणसाला "जरा पळत जा" म्हणून हसू नका. त्याचे गुडघे काय म्हणतात ते आधी जाणत्या माणसाला बघू द्या. घाईने शरीराशी भांडू नका, त्याला हळूहळू आपलंसं करा. आणि तुमच्या घरात एखादी डुगडुगणारी खुर्ची असेल, तर तिचा निसटलेला खिळा आजच ठोकून घ्या. तिच्यावरून उठायची कुणीतरी तयारी करत असेल.