कोरड्यावरचं पोहणं

चिंचनूरच्या पोहण्याच्या तलावात पाणी सोडलं, त्या दिवशी प्रेरणा सकाळपासून काठावरून हलली नाही. निळ्या फरशीवर पाणी हळूहळू चढत होतं आणि ती पाण्याकडं अशी बघत होती, की पाणक्यानं शेवटी विचारलंच, बाई, पाणी पळून जाईल असं वाटतंय का? ती हसली. पण खरं सांगायचं तर तिला तसंच वाटत होतं.

मन्नाएखेळ्ळीहून आत वळलं की येणाऱ्या या लहानशा गावात पट्टण पंचायतीचं, म्हणजे नगरपंचायतीचं, क्रीडा मैदान नावालाच होतं. वेड्या बाभळी, फुटक्या बाटल्या, आणि कुण्या जुन्या अधिकाऱ्यानं हौसेनं बांधून सोडून दिलेला तडकलेला तलाव. त्यात शेळ्या उतरायच्या. लग्नसराईत आचारी त्यातच कढया घासायचे. प्रेरणा कलबुर्गीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून आली, कबड्डीत तिनं नाव काढलं होतं, आणि पंचायतीनं तिला या मैदानाची व्यवस्थापक म्हणून कंत्राटावर घेतलं. तिनं बाभळी काढवल्या. व्हॉलीबॉलची जागा आखली, झोपाळे बसवले, बायकांना संध्याकाळी फिरता यावं म्हणून कडेनं फरशीची वाट केली आणि दिवे लावून घेतले. पण तिचा जीव अडकला होता तो तलावात.

त्याला कारण होतं. गावाच्या उत्तरेला लाल दगडाच्या जुन्या खदानी आहेत. पावसाळ्यात भरतात त्या उन्हाळ्यापर्यंत आटत नाहीत. विहिरी ज्यांच्या त्यांच्या. भीमनगर वस्तीतल्या पोरांना पोहायला खदानीशिवाय जागा नव्हती. प्रेरणा नववीत असताना तिचा धाकटा भाऊ बुद्धरत्न तिथं उतरला आणि वर आला नाही. काठावर तीही होती. तिला पोहता येत नव्हतं. पुढं कलबुर्गीला ती सगळ्यात आधी काय शिकली असेल, तर ते पोहणं. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच खदानीत बाजारपेठेतल्या चन्नम्माचा मुलगा गेला. त्यानंतर प्रेरणानं पंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांच्या कचेरीचा उंबरठा झिजवला. तलाव दुरुस्त झाला. पाणी गाळून पुन्हा आत सोडणारा फिल्टर बसला. कपडे बदलायला खोल्या झाल्या.

तलाव काठोकाठ भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी अंकुशराव आले. ते मैदानाच्या देखरेख समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. मैदान सपाट करायला त्यांनी आपला ट्रॅक्टर दिला होता. गाव त्यांना अप्पा म्हणे. त्यांच्यामागं दोघं जण एक रंगवलेला फळा धरून होते. वर ठळक अक्षरात वेळापत्रक. सकाळी सभासद, दुपारी बायका, संध्याकाळी शाळेची मुलं. तळाशी लिहिलं होतं, भीमनगर, रविवार दुपार. आणि त्याच्याही खाली, रविवारी संध्याकाळी पाणी बदलण्यात येईल.

प्रेरणानं फळा वाचला. मग पुन्हा वाचला. तिची कानशिलं तापली, पण आवाज तिनं चढू दिला नाही.

"अप्पा, पाणी कामून बदलायचं? फिल्टर बसवलाय की."

"बदलल्यालं बरं असतंय, बाई."

"बरं. मग भीमनगरला सोमवारी सकाळी घेऊ, ताज्या पाण्यात. सभासद येतील रविवारी दुपारी."

फळा धरलेल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"गावात समदेच तुमच्यासारखे शिकल्याले नसत्यात," अंकुशराव म्हणाले. "समद्यांना सांभाळून घ्यावं लागतंय."

"मी भीमनगरची हाय, अप्पा. ह्या तलावात रोज उतरणार हाय. माझ्यामागं रोज पाणी बदलणार का?"

प्रेरणानं त्या दोघांच्या हातून फळा घेतला आणि पंपाच्या खोलीमागं जमिनीवर पालथा टाकला. हा इथं लागणार न्हाई, एवढंच ती म्हणाली. अंकुशरावांनी धोतराचा सोगा झटकला. मग तलावबी सुरू व्हणार न्हाई, असं म्हणून ते निघून गेले.

दोन दिवसांनी मुख्याधिकाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं. तांत्रिक अडचणीमुळं तलाव सध्या बंद ठेवायचा, असं त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. कसली अडचण, हे तिनं विचारलं. ते म्हणाले, अडचण म्हणजे अडचण. तुमचं कंत्राट नूतनीकरणाला आलंय, हे लक्षात असू द्या. प्रेरणानं लक्षात ठेवलं आणि परत येऊन फिल्टर चालू केला. एप्रिलच्या उन्हात पाणी चार दिवस थांबलं तरी हिरवं पडतं. तलाव उघडायचा नाही असं सांगितलं होतं. पाणी नासवा असं कुणी सांगितलं नव्हतं.

मग एके दुपारी पंप बंद पडला. बाहेर येऊन बघते तर खांबावरचा फ्यूज काढून नेलेला. कुणी नेला, हे विचारायची गरज नव्हती. आठवडा संपायच्या आत निळ्या फरशीवर शेवाळ धरलं आणि पाण्यावर डास घोंगावू लागले.

शेवाळ दिसलं त्या संध्याकाळी ती घरी आली. घरात ती आणि तिची मावशी पार्वतीबाई, दोघीच. मावशीनं भाकरी पुढं ठेवली आणि विचारलं, आता काय करायलीस? प्रेरणा म्हणाली, पाणी न्हाई तर कोरड्यावर शिकविते. ती हे रागानं म्हणाली होती. पण बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते पटलं.

सकाळी तिनं व्हॉलीबॉलच्या मैदानावर लाकडी बाकं मांडली, वर पोती अंथरली. मैदानाला लागूनच बसस्टँडचा रस्ता. भीमनगरची दहा-बारा पोरं आली होती, पण बाकावर पालथं पडून हात मारायचे म्हटल्यावर ती लाजून एकमेकांना ढकलू लागली. रस्त्यावरची माणसं थांबली. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, बाई, बुडाल तर दोर टाकू का? हशा पिकला. पोरं आणखीच आखडली. प्रेरणाचा चेहरा उतरला.

तेव्हा पार्वतीबाई पुढं झाली. साठी उलटलेली बाई, भल्या सकाळी भाचीच्या पाठोपाठ बघायला म्हणून आलेली. तिनं पदर खोचला, कासोटा घातला आणि सरळ बाकावर पालथी पडली.

"शिकीव मला," ती म्हणाली.

"मावशे, लोक बघायल्यात."

"बघू दे की. फुकट हाय."

प्रेरणानं तिचे हात धरले. असा पुढं न्यायचा, असं पाणी मागं लोटायचं, श्वास बाजूला वळून घ्यायचा. पार्वतीबाई गंभीर तोंडानं हवेत हात मारत राहिली. टपरीवरचं हसणं थोडा वेळ चाललं, मग विरलं. म्हातारी काही थांबायचं नाव घेईना. आणि पोरांनी एकेक बाक धरलं.

रोज तेच चालू झालं. बसमधून उतरणारे थांबून बघायचे. इथं काय चाललंय, असं विचारायचे. आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी सांगावं लागायचं, की शेजारी नवाकोरा तलाव आहे, पण तो बंद आहे. का बंद आहे, हे सांगताना सांगणाऱ्याची जीभ अडखळायची. प्रेरणाला हवं होतं ते हेच. तिनं कुणापुढं भाषण केलं नाही. ती नुसती शिकवत राहिली, ऐन रस्त्याच्या कडेला. अंकुशरावांची जीप तिथून जायची तेव्हा ती शिट्टी जरा जोरात वाजवायची.

एक दिवस चन्नम्मा आली. बाजारपेठेत तिचं किराण्याचं दुकान. मुलगा गेल्यापासून ती दुकानाबाहेर फारशी दिसत नसे. सोबत मुलगी होती, विजयश्री, सहावीतली. चन्नम्मानं बाकावरची पोरं बघितली, जाळीपलीकडचं हिरवं पाणी बघितलं. मग मुलीला पुढं केलं आणि प्रेरणाला म्हणाली, हिलाबी शिकीव अक्का, पण बाकावर न्हाई, पाण्यात.

"पाणी बंद हाय, अक्का."

"ते ठावं हाय. त्येच बोलायला साहेबाकडं चालले. येतीस?"

दोघी निघाल्या तेव्हा दोघीच होत्या. बाजारपेठेतून जाता जाता मागं बायका लागल्या. भीमनगरच्या होत्या त्या पार्वतीबाईसोबत आल्या, पेठेतल्या चन्नम्माकडं बघून आल्या. संध्याकाळी फरशीच्या वाटेवर फिरणाऱ्या तर जवळजवळ सगळ्याच होत्या. मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत मावेनात, तेव्हा व्हरांडा भरला. अंकुशराव तिथंच बसले होते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली, की रीतभात असते, हळूहळू होईल, घाईनं गाव बिघडतं.

चन्नम्मानं त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "अप्पा, खदानीतल्या पाण्यानं माझं पोरगं नेलं. ह्या प्रेरणाचा भाऊबी त्याच पाण्यानं नेला. नेताना पाण्यानं विचारलं न्हाई, कोण कुणाचं म्हणून."

अंकुशरावांनी मान खाली घातली. त्यांनी चन्नम्माच्या पोराच्या अंत्ययात्रेत खांदा दिला होता.

प्रेरणा मुख्याधिकाऱ्यांकडं वळली. "साहेब, तलाव बंद का हाय, ते आम्हाला लेखी द्या. तळाला सही करा. आम्ही निमूट घरी जातो."

साहेबांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि तसेच बसून राहिले. जे कारण होतं ते लिहिता येत नव्हतं, आणि जे लिहिता येत होतं ते कारण नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी पेनाला टोपण घातलं आणि शिपायाला सांगितलं, वायरमनला बोलाव.

फ्यूज दुपारीच बसला. पण हिरवं पाणी उपसून टाकावं लागलं, आणि पंचायतीचे सफाई कामगार नेमके रजेवर निघाले. मग बायकांनीच घरून खराटे आणले. दोन दिवस त्या तलावात उतरून फरशी घासत होत्या, गुडघ्यापर्यंत चिखलात, पेठेच्या आणि भीमनगरच्या, एकमेकींवर पाणी उडवत. कुणाच्या पायाखालचं शेवाळ कुणी काढलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

नवं पाणी भरलं त्या सकाळी अंकुशराव एकटेच फाटकावर आले. प्रेरणा कुलूप काढत होती.

"बाई, जिद्द पुरी केलीत," ते म्हणाले. "पण कंत्राट तुमचं राहणार न्हाई. मी सांगून ठिवतो."

"जाऊ द्या. आज तर चावी माझ्याकडं हाय," ती म्हणाली आणि फाटक उघडलं.

पोरं धावली. कोण आधी उतरलं, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही, इतकी ती एकदम पाण्यात पडली. विजयश्री काठ धरून किंचाळत होती. पार्वतीबाई पायरीपायरीनं छातीभर पाण्यात गेली, आणि बाकावर शिकलेले हात मारायला लागली तशी सरळ तळाला गेली. प्रेरणानं तिला वर काढलं. म्हातारी खोकत, हसत म्हणाली, बाक बरं होतं बाई. चन्नम्मा पाण्यात उतरली नाही. ती काठावर पाय सोडून बसली, मुलीवरून नजर न हलवता, आणि खूप वेळानं तिनं पायानं पाणी हलवलं.

कंत्राट गेलं ते गेलंच. पावसाळा लागायच्या आधी प्रेरणाच्या जागी विलास नावाचा बिदरकडचा एक पोरगेला व्यवस्थापक आला. प्रेरणाला जनवाड्याच्या एका शाळेत काम मिळालं. जायला-यायला त्रास होता, पण तलावावरची सकाळ तिनं सोडली नाही. गावकरी म्हणून ती यायची, पाण्यात उतरायची, आणि तिच्याभोवती पोरं जमायची. भीमनगरची, पेठेची, शेतावरून सायकलीवर आलेली. अंकुशराव अजूनही तिला बघून रस्ता बदलायचे. त्यांची नात मात्र शनिवारी यायची.

विलास आठवडाभर हे बघत होता. एका सकाळी तो काठावर येऊन उभा राहिला आणि अवघडून म्हणाला, की समितीचं सांगणं आहे, तलावात खासगी शिकवणी चालणार नाही. बाई, तुमी उद्यापासून शिकवू नका.

प्रेरणा पाण्यात उभी होती. तिच्या तळहातावर एक लहान मुलगी पाठीवर तरंगत होती, डोळे घट्ट मिटून. प्रेरणानं हात हळूच काढून घेतला. पोरगी तरंगतच राहिली.

"तुमाला पोहता येतंय का?" तिनं विचारलं.

विलासनं इकडंतिकडं बघितलं. "न्हाई."

"तलाव सांभाळायलाव आणि पोहता येत न्हाई? उद्या कुणी बुडालं तर काय करताव?" ती काठाकडं सरकली आणि पाण्यावर हात थोपटून जागा दाखवली. "बूट काढा आन् या आत."

पोरं वळून बघू लागली. विलास खाली बसून बुटाचे बंद सोडू लागला.