नियम क्रमांक चार (सुधारित)

माणूस अंथरुणाला खिळलेला असताना जे नातेवाईक वर्षानुवर्षं फिरकत नाहीत, तेच शेवटच्या दिवशी सगळ्यांत पुढे उभं राहून मोठमोठ्याने हुंदके देतात. इंटरनेटवरच्या त्या मंचाचंही तसंच झालं. ज्या कंपनीच्या यंत्रांवर तो एकोणीस वर्षं चालला होता तिने पत्र पाठवलं, की तीस तारखेला दुपारी बाराला आम्ही हा जुना कारभार बंद करतोय. मग कुठून कुठून लोक उगवले. दहा-दहा वर्षं ज्यांनी एक ओळ खरडली नव्हती, ते ‘माझं माहेर चाललं हो’ म्हणून गळा काढायला लागले. एकाला स्वतःचा पासवर्ड आठवेना, तर तो बायकोच्या खात्यातून आत शिरून रडला. त्यावर बायकोने लगेच खाली लिहिलं, की हे माझं मत नाही.

मंच कसला, तर एका मालिकेच्या चाहत्यांचा. जहाजावरच्या डॉक्टरीणबाई, त्यांचे पेशंट, वादळं वगैरे, एकशे बारा भाग. शेवटच्या भागात बाईंच्या खोलीचं दार वाजतं. बाई उठतात, कडी काढतात, बाहेर कोण आहे ते बघून हसतात, आणि खेळ खलास. बाहेर कोण होतं ते दाखवलंच नाही. बनवणाऱ्यांना पुढचे भाग काढायला मिळाले नाहीत, एवढंच त्यामागचं गूढ. पण असं सरळ सांगितलं तर एकोणीस वर्षं भांडायचं कशावर? म्हणून दोन पक्ष झाले. एक म्हणायचा, दारात चाळिसाव्या भागात बुडालेला बाईंचा भाऊ होता. दुसरा म्हणायचा, जहाजावरचा आचारी होता. भाऊ पक्ष आणि आचारी पक्ष एकमेकांच्या वाढदिवसाला शुभेच्छासुद्धा देत नसत.

या सगळ्या कारभाराचा नियंत्रक एक चष्मेवाला होता. वय पंचावन्न, दुकान भर रस्त्यावर. पुढे काउंटरवर बायको गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायची, आणि मागच्या खोलीत हा काचा घासायचा. घासायच्या यंत्राच्या उजव्या हाताला संगणक. काच कडेने झिजायला जी चार मिनिटं लागतात, त्यांत हा मंचावर दोघातिघांना समज द्यायचा. गिऱ्हाईक बाहेरून विचारायचं, झाला का चष्मा? बायको म्हणायची, "आत जगाचा न्यायनिवाडा चाललाय, तो संपला की होईल."

मंचाचे सतरा नियम होते आणि सगळे याने लिहिले होते. त्यांतला चौथा याचा विशेष लाडका. कोणीही स्वतःचं खरं नाव, पत्ता, फोन नंबर मंचावर लिहायचा नाही. त्याला कारण घडलं होतं. पाचव्या वर्षी दोन सदस्यांनी इथेच नंबर घेतले, भेटले, लग्न केलं. लग्नाला मंचावरच्या कोणालाही बोलावलं नाही. घटस्फोट मात्र चौसष्टाव्या भागाच्या चर्चेत, दोनशे प्रतिसादांत, सगळ्यांच्या साक्षीने पार पडला. तेव्हापासून नियम चार. पुढे लोक खाजगी निरोपांतून गटबाजी करायला लागले, तर याने ती सोयही बंद केली. दहा आकडे सलग दिसले की प्रतिसाद आपोआप नियंत्रकाच्या लाल यादीत जाईल, तोवर सगळ्यांना दिसेल, नियंत्रकाने पुसला की कायमचा जाईल, आणि लिहिणाऱ्याचं चोवीस तास तोंड बंद, अशी पक्की व्यवस्था त्याने लावून ठेवली होती. चोर सुटला तरी चालेल, पण संन्यासी सुळावर गेलाच पाहिजे, असा एकूण खाक्या.

तुम्ही म्हणाल, मग मंच दुसरीकडे का नाही हलवला? त्यावर मतदान घ्यायचं ठरलं होतं. मतदानात पर्याय किती असावेत यावर वाद झाला. वादाचा धागा, म्हणजे चर्चेचं पान, कोणत्या विभागात असावा यावर पोटवाद झाला. प्रत्यक्ष काम कोण करणार, असं कोणीतरी विचारलं तेव्हा चार दिवस सामसूम होती. पाचव्या दिवशी संस्थापक अवतरले. हे गृहस्थ मंच सुरू करून दुसऱ्याच वर्षी निघून गेले होते. त्यांनी ‘मी लावलेलं रोपटं’ या मथळ्याखाली निरोपाचा लेख टाकला. त्यात त्यांनी स्वतःचे एकूण सहा वेळा आभार मानले होते, आणि लोक धन्य होऊन खाली फुलं टाकत बसले. हलवायचं राहिलं ते राहिलंच.

पण खरं सांगायचं तर नियंत्रकाला मंच जाण्याचं तेवढं दुःख नव्हतं. त्याला भीती होती ती एकच माणूस हातचा जाण्याची. त्या माणसाचं मंचावरचं नाव ‘उलटतपासणी’.

हा आचारी पक्षाचा म्होरक्या, तर नियंत्रक भाऊ पक्षाचा. सतरा वर्षं रोज सकाळी दुकान उघडायच्या सुमारास त्याचा प्रतिसाद आलेला असायचा, आणि त्यात नियंत्रक कसा चूक आहे ते मुद्देसूद मांडलेलं असायचं. कोण, कुठला, काय करतो, कधी सांगितलं नाही. सांगणार कसा, नियम चार. नियंत्रक त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचा आणि एखाद्या दिवशी प्रतिसाद आला नाही तर काचा चुकीच्या घासायचा. तीन वर्षांपूर्वी नियंत्रकाच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. अकरा दिवस दवाखान्यात होता. त्या अकरा दिवसांत उलटतपासणीने रोज एक ओळ लिहिली, की नियंत्रक गप्प आहेत, म्हणजे त्यांना आचारी मान्य आहे. बायकोने ती फोनवर वाचून दाखवली की हा उशीवरून मान उचलायचा. बाराव्या दिवशी उठून बसला तो उत्तर द्यायलाच. डॉक्टरांना वाटलं, औषध लागू पडलं.

आता सरळ विचारावं ना, की बाबा रे, तुझा नंबर दे. पण आधी विचारलं तर हरल्यासारखं होणार, आणि वर नियम. याने आडून एक प्रयत्न केला. खात्याच्या नोंदीत उलटतपासणीचा जुना ई-मेल होता, त्यावर दोन ओळी पाठवल्या. तो पत्ताच बंद पडलेला, पत्र आल्या पावली परत आलं. मग निरोपाच्या धाग्यात याने लिहिलं, की काही जणांशी वाद अपुरा राहतो आहे याची खंत वाटते. ‘डेकवरची’ नावाच्या एका सदस्येने लगेच विचारलं, "काही जण म्हणजे मी का?" ती सगळ्याच धाग्यांत असायची. उलटतपासणीने काहीच लिहिलं नाही.

तीस तारीख उजाडली. दुकान उघडल्या उघडल्या याने लाल यादी बघितली तर नुसता पूर. सगळे एकमेकांना नंबर देत सुटले होते. शेवटचा दिवस आहे, आज तरी डोळेझाक करा, अशी विनवणी करणारे दहा-बारा. नियंत्रकाने मोठ्या अक्षरांत जाहीर केलं, "शेवटच्या दिवशी मोडायचे होते तर नियम एकोणीस वर्षं पाळले कशाला?" आणि बसला पुसायला. एकेक वाचून पुसायला वेळ कुठे होता? एका आजीबाईंची नवी काच यंत्रावर फिरत होती आणि त्या बाहेर ताटकळत होत्या. याने यादीतल्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या आणि एकदम ‘पुसा’ दाबलं. त्रेचाळीस प्रतिसाद गेले. कर्तव्य केल्याचं समाधान त्याच्या तोंडावर अगदी मावत नव्हतं.

काच फ्रेममध्ये बसवून तो परत आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. निरोपाच्या धाग्यात करड्या अक्षरांच्या ओळी एकाखाली एक लागल्या होत्या. अमक्याचा प्रतिसाद नियंत्रकांनी काढला, कारण नियम चार. तमक्याचा प्रतिसाद नियंत्रकांनी काढला, कारण नियम चार. आणि मधेच एक ओळ: उलटतपासणी यांचा प्रतिसाद नियंत्रकांनी काढला, कारण नियम चार.

ती त्याने तीन वेळा वाचली. सतरा वर्षांत त्या माणसाने एकही नियम मोडला नव्हता.

पुसलेलं परत मिळायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. त्याने घाईघाईने लिहिलं, "उलटतपासणी यांचा प्रतिसाद कोणी वाचला होता का?"

डेकवरचीने वाचला होता. तिने लिहिलं, "हो, वाचला. तुम्हालाच होता. ‘नियंत्रक, हा माझा नंबर. तुम्ही फोन करणार नाही हे माहीत आहे, तरी देतो. आता भांडायला दुसरं कोणी नाही.’ असं काहीतरी."

"नंबर काय होता?"

"नंबर कसा बघेन? नियम आहे ना. मी डोळे मिटून पुढे गेले."

एकोणीस वर्षांत नियमाचं इतकं तंतोतंत पालन कोणी केलं नव्हतं. नियंत्रकाला तिचा गळा धरावासा वाटला.

आता उलटतपासणीचं तोंड चोवीस तास बंद, आणि मंचाचं आयुष्य पाऊण तास. बंदी उठवायची तर दुसऱ्या नियंत्रकाची संमती लागायची. आचारी पक्षाने एकदा सत्तापालट करायचा प्रयत्न केला होता, तेव्हा यानेच लावलेली ती मेख. दुसरे नियंत्रक म्हणजे संस्थापक, तेही नावापुरते. त्यांना याने सहा वेळा हाका मारल्या. ते आपल्या लेखाखालच्या प्रत्येक फुलाला वेगळं उत्तर देण्यात गुंतले होते. सातव्या हाकेला त्यांनी लिहिलं, "अरे वा, तुम्हीही आलात! लेख कसा वाटला?" आणि पुढच्या फुलाकडे वळले.

बायको आत आली. आजीबाईंना चष्मा कानावर टोचत होता, दांडी वाकवून हवी होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती दारातच थांबली. "अहो, काय झालं?"

त्याने सांगितलं. एरवी मंचाचं नाव काढलं की तिची जीभ सुटायची, पण आज तिने हसण्यावारी नेलं नाही. दवाखान्यात त्या ओळी तिनेच वाचून दाखवल्या होत्या.

"मग तुम्ही लिहा ना तुमचा नंबर. त्याला लिहिता येत नाही, वाचता तर येतंय?"

"वाचता येतं."

"मग लिहा. दहा आकडे तर आहेत. दिवसभर लोकांचे नंबर काढता, स्वतःचा एक लिहायला काय धाड भरलीय?"

"अगं, पण मी आत्ता त्रेचाळीस जणांचे पुसले. त्यांना काय तोंड दाखवू? लोक म्हणतील, नियम आम्हाला आणि सूट याला."

"तर मग बदला तो नियम. तुमचाच आहे ना?"

झालं. हे वाक्य तिने बोलायला नको होतं. बिचारीला काय माहीत, आपण कोणाला काय सुचवतोय. याच्या डोळ्यांत एकदम चमक आली. बदलायचाच तर रीतसर बदलायचा. ती आजीबाईंकडे गेली, आणि हा खुर्ची पुढे ओढून लिहायला बसला. वरातीमागून घोडं निघालं ते असं.

‘नियम क्रमांक चार (सुधारित). केवळ मंचाच्या अखेरच्या दिवसापुरती, आणि केवळ त्या दिवसापुरती, खालील अटींवर शिथिलता देण्यात येत आहे.’ मग अटी. मग त्याला वाटलं, ज्यांचे प्रतिसाद आधी पुसले त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून कलम ख. मग संस्थापकांची संमती नाही हे नोंदवायला हवं, म्हणून एक टीप. ‘देण्यात येत आहे’ बरं की ‘देण्यात यावी’, यावर चार मिनिटं गेली. शेवटी, ‘सुधारित नियमाच्या आधारे’ असं म्हणत त्याने स्वतःचा नंबर घातला. एकेक आकडा तपासला. वर जाऊन पहिलं वाक्य पुन्हा वाचलं, त्यात ‘केवळ’ दोनदा आलं होतं. एक खोडलं.

आणि ‘पाठवा’ दाबलं तर पान पांढरं झालं. त्याने पुन्हा दाबलं. मग पान बंद करून उघडलं. कंपनीची दोन ओळींची पाटी आली, की ही सेवा आता उपलब्ध नाही, सहकार्याबद्दल आभार. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून एक मिनिट झालं होतं.

आजीबाई गेल्यावर बायको परत आत आली. हा कोऱ्या पानासमोर तसाच बसला होता.

"दिलात ना नंबर?"

"दुरुस्ती लिहीत होतो."

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. धन्य आहे, असं म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं. पण याने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, तिने त्याला असं कधी बघितलं नव्हतं. तिने स्टूल ओढलं आणि शेजारी बसली.

"मित्र होता गं तो माझा," तो म्हणाला. "बारा वाजेपर्यंत समोरच बसला असेल, मी काय लिहितोय ते बघत. मी न वाचता पुसलं, हे त्याला कुठून कळणार? त्याला वाटलं असेल, मी वाचलं आणि मग पुसलं."