प्रियंकाचा पगार पाहिलेला कुकर

मित्रांनो, फुलसावंगीत माझ्यासारखे जुने कुकर घरोघरी सापडतील; पण विमानात बसून थायलंडला जाऊन आलेला कुकर मी एकटाच. माझं बूड काळं पडलं आहे, एका कानाचा स्क्रू ढिला आहे. तरी माझी हकीकत ऐका, कारण ती नुसती वरणभाताची नाही.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमची चकती साच्यात दाबली, पोटात वाफ भरून तपासलं आणि खोक्यात बंद केलं. पुसदच्या भांड्यांच्या दुकानातून मला जयाबाईने आणलं. ती अंगणवाडीत मदतनीस. नवरा लवकर गेला. थोरली प्रियंका आणि धाकटा विक्की तिनेच वाढवले. माझं वरण लवकर शिजतं म्हणून आल्यागेल्यापुढे ती माझं कौतुक करायची.

प्रियंकाने इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि थायलंडमधल्या एका लहान गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळवली. निघताना जयाबाईने मला धुऊनपुसून तिच्या बॅगेत ठेवलं.

"बाहेरचं खात बसशीन तं पैसा उरन नाई," ती म्हणाली.

बँकॉकच्या विमानतळावर मला बाहेर काढलं. एका माणसाने झाकण उघडलं, शिट्टी हलवून पाहिली, मला उलटं केलं, मग प्रियंकाच्या तोंडाकडे पाहिलं. तेव्हापासून संशय माझ्या पाठीच लागला. खोलीची मालकीण तर पहिल्याच शिट्टीला दार ठोठावत आली. प्रियंकाने तिला समोर बसवून माझ्यातली खिचडी खाऊ घातली. ती गेली खरी, पण शिट्टी झाली की दाराबाहेर तिची पावलं थबकलेली मला ऐकू येत.

तूरडाळ तिथे मिळेना. गोड पदार्थांसाठी विकतात ती सालं काढलेली मूगडाळ प्रियंका आणायची आणि विजेच्या शेगडीवर मला चढवायची. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका संध्याकाळी बाजारात जेवायला जात. ही मुलांच्या वह्या तपासत माझ्याजवळ बसे. सुट्टीच्या दिवशी शिकवण्या घेई. बी.एड.सारखी शिकवण्याची पदवी नाही म्हणून तिला इतरांपेक्षा कमी पगार होता; तरी पैसे साठत होते. मोबाइलवर बँकेतली शिल्लक पाहताना तिचा चेहरा उजळायचा.

आणि इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ती दर महिन्याला घरी पैसे पाठवायची, पण आईने विचारलं की म्हणायची, "इतकाच पगार हाये, आई." तो इतकाच नव्हता. मी रोज पाहत होतो. जी मुलगी कधी आईशी खोटं बोलली नाही, ती आता का बोलते? कुणासाठी साठवते?

तिकडे गावात संशयाला पाय फुटले होते. विक्कीला मालवाहू गाडी घ्यायची होती. तो फोनवर म्हणायचा, "ताई, तू परदेशात हायेस, अन् आपल्या घरावर अजून टिनच हाये. लोकं हासून राह्यले." प्रियंकाचे चुलते गोविंदाकाका तर जयाबाईच्या ओट्यावर बसून मोठ्याने बोलत, म्हणजे फोनमधून इकडे नीट ऐकू यावं. "शिकवायले गेली का अजून कायले गेली, कोनं पाह्यलं? का तिथं एखादा मानूस ठेवला?"

एका रविवारी जयाबाईचा आवाज बदललेला होता.

"प्रियंका, खरं सांग. तू शाळेतच जातं ना वं?"

प्रियंकाच्या हातातला डाव तसाच राहिला. "आई, तू बी?"

"मले काय मालूम पडते इथून? लोकं इचारते."

प्रियंकाने फोन ठेवला. त्यानंतर कितीतरी रविवार गेले, तिने स्वतःहून फोन केला नाही. पैसे मात्र पाठवत राहिली. मला चढवायची, पण शिजलेलं पुष्कळदा तसंच माझ्यात गार व्हायचं.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये तिथली शाळा सुटली, करार संपला आणि आम्ही गावी परतलो. घरात पाऊल ठेवत नाही तोच काका आणि विक्की बॅगेपाशी बसले. कपडे निघाले, पुस्तकं निघाली, मुलांनी काढलेली चित्रं निघाली आणि शेवटी मी.

"एवढी वर्षं राह्यली, अन् हा कुकरच वापस आनला?" विक्की म्हणाला.

काकांनी माझं झाकण उघडून आत पाहिलं. माझ्या पोटात काहीच नाही हे पाहून त्यांचा संशय उलट वाढला.

दुपारी ते दोघे बाहेर पडले. जयाबाईने मला चुलीवर चढवलं आणि लेकीकडे न पाहता म्हणाली, "आता सांग. कोनी मानूस हाये का?"

"नाई."

"मंग पैसा कुठी हाये?"

"बँकेत. अमरावतीले बी.एड. करीन म्हणते मी. फी, राहणं, सगळं त्याच्यात होते. ते नाई म्हणून तिथं मी अर्ध्या पगारावर राबली, आई. आता नाई राबायचं मले."

"हे तं चांगलं हाये. मंग माह्यापासून कायले लपवलं?"

प्रियंकाने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाली, "सांगतलं असतं, अन् विक्की गाडीसाठी रडला असता, तं तुह्याच्यानं त्याले नाई म्हननं झालं असतं?"

माझी शिट्टी झाली. जयाबाई उठली नाही. पुन्हा झाली, तरी ती जाळाकडे पाहत बसून होती.

"नसतं झालं," ती म्हणाली.

मित्रांनो, मला वाटलं, आता संध्याकाळी विक्की येईल आणि तेच होईल. माझा जयाबाईवर भरवसा नव्हता. विक्की आला, काकाही आले. विक्कीने ताट ओढलं आणि विषय काढला, "ताई, माह्या गाडीचं काय?"

प्रियंकाने तोंड उघडण्याआधीच जयाबाई बोलली. "पैसा हाये. पण तो तिच्या शिक्षनाचा हाये. त्याले हात लागनार नाई."

काका उसळले. "म्हंजे लपवलाच होता! मी काय म्हनत होतो?"

"हो, लपवला," जयाबाई म्हणाली. तिने काकांपुढे ताट सरकवलं. "माह्याच्यानं पोराले नाई म्हननं होत नाई, म्हणून लपवला. आज मी नाई म्हनून राह्यली. जेवा आता."

काका जेवले नाहीत. विक्की पाय आपटत निघून गेला आणि पुढे बरेच दिवस आईशी धड बोलला नाही. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. पगाराच्या दिवशी घरात चहापावडर आणून ठेवतो, बोलत मात्र नाही. प्रियंका अमरावतीला शिकते. काकांचा संशय अजून फिटलेला नाही. तिचा फोन आला की ते ओट्यावर येऊन बसतात, आणि जयाबाई दार लावून घेते.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. माझं रबर वेळेवर बदला, शिट्टीचं भोक साफ ठेवा, वाफ असताना झाकणाशी झटू नका. मी अजून पुष्कळ वरण शिजवीन. आणि तुमच्या घरचं कुणी दूर देशी राबत असेल, तर त्याची चौकशी ओट्यावरच्या लोकांकडे करू नका. त्यालाच विचारा. विचारण्याआधी मात्र एक गोष्ट स्वतःशी तपासून घ्या: त्याने खरं सांगितलं, तर ते तुमच्यापाशी सुरक्षित राहील का?